अस्लमचे तीन टक्के

ऋजुता चिवटेनं गणित तिसऱ्यांदा चालवलं, तरी पडद्यावर तोच आकडा आला. अस्लम सतारमेकर, तीन टक्के.

२०३९ सालचा फेब्रुवारी संपत आला होता. एप्रिलच्या मध्यात पणजीला बुद्धिबळातली त्या वर्षीची सर्वांत मोठी स्पर्धा व्हायची होती. जगातले निवडक आठ खेळाडू, चौदा फेऱ्या, आणि जो पहिला येईल तो जगज्जेत्याला आव्हान देणार. त्या वर्षी आठांमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, मिरजेचा अस्लम. क्रमवारीत तिसरा. झाडून सगळे जाणकार त्याचंच नाव घेत होते. ऋजुताला स्वतःला विचारलं असतं, तर तिनं डोळे मिटून अठ्ठावीस टक्के सांगितले असते.

अस्लमला ती नऊ वर्षांची असल्यापासून ओळखत होती. मिरजेत एका शाळेच्या माडीवर बुद्धिबळाचा वर्ग भरायचा. तिचे वडील मिरज जंक्शनवर तिकीट तपासनीस होते, त्याचे वडील सतारी बनवायचे. पंधराव्या वर्षापर्यंत दोघं रोज समोरासमोर बसले. मग एका संध्याकाळी अस्लमनं तिच्याविरुद्ध आपला वजीर मुद्दाम मारू दिला आणि अकरा चालींनंतर मात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्याला हे सगळं पहिल्यापासून दिसत होतं. ती घरी गेली, आईला म्हणाली, "मी आता गणित करते." आणि तिनं खरोखरच गणित केलं. संख्याशास्त्रात डॉक्टरेट, मग पुण्यात बाणेरला एका छोट्या कंपनीत नोकरी. तिथं तिनं आणि आणखी चौघांनी मिळून जे यंत्र उभं केलं, त्याचं नाव होरा.

होरा कुणाचा खेळ किती चांगला आहे हे मोजत नसे. ते काम क्रमवारी करतच होती. फसवणूक टाळण्यासाठी मोठ्या स्पर्धांमध्ये आता प्रत्येक खेळाडूच्या मनगटावर पट्टी असायची आणि पटाच्या दोन्ही बाजूंना त्याच्या डोळ्यांवर रोखलेले बारीक कॅमेरे. डाव चालू असताना नजर कुठल्या घरावरून कुठल्या घरावर गेली, केव्हा गेली, हात उचलायला किती वेळ लागला, हे सगळं नोंदलं जाई. ऋजुताच्या लक्षात आलं होतं, की प्रत्येक माणसात पटावरच्या स्थितीचा अवघडपणा आणि विचाराचा वेळ यांचं एक ठरलेलं नातं असतं. अंगठ्याच्या ठशासारखं. माणूस थकला, घाबरला, घरी भांडून आला, की ते नातं किंचित सैल होतं. चाली चांगल्याच पडतात, पण त्यांच्याखालची जमीन हललेली असते. ती हललेली जमीन होऱ्याला दिसे. म्हणूनच गेल्या तीन वर्षांत झालेल्या नऊ मोठ्या स्पर्धांपैकी आठांचा विजेता त्यानं दीड महिना आधी सांगितला होता. आता स्पर्धेपूर्वी सगळं बुद्धिबळविश्व होऱ्याच्या टक्क्यांची वाट पाहत बसे.

अस्लमचं ते नातं चौदा महिन्यांपूर्वी सैल व्हायला लागलं होतं आणि पुन्हा कधी घट्ट झालंच नव्हतं. थकवा असता तर विश्रांतीनंतर आलेखाची रेषा वर आली असती. ही रेषा नुसती उतरत होती, अगदी सावकाश, एकाच उताराने. एका घरावरून दुसऱ्या घराकडे जाताना त्याची नजर क्षणाच्या काही हिश्शांनी अडखळत होती. त्याच्या चाली अजून उत्तम होत्या, कारण तो पूर्वीपेक्षा दुप्पट मेहनत करून ती उणीव भरून काढत होता. त्याला स्वतःला कदाचित हे ठाऊकही नसावं.

ऋजुतानं तोच उतार होऱ्याच्या साठ्यातल्या दुसऱ्या नोंदींत शोधला. कंपनीनं एका रुग्णालयाच्या संशोधनासाठी काही रुग्णांना साधी पटावरची कोडी सोडवायला लावली होती. त्यातल्या अकरा जणांची रेषा अस्लमच्या रेषेवर जवळजवळ तंतोतंत बसली. अकराही जणांच्या नावापुढे एकच निदान होतं.

दुसऱ्या दिवशी ती मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. हेमलता सबनीस यांच्याकडे गेली. नाव न सांगता तिनं रेषा दाखवली. डॉक्टरांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिली.

"वय?"

"छत्तीस."

"हंटिंग्टनचा आजार असू शकतो. आनुवंशिक आहे. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. आधी नजर अडखळते, मग हातपाय आपोआप झटके देतात, मग स्वभाव बदलतो, आणि शेवटी..." त्यांनी चष्मा खाली घेतला. "पंधरा-वीस वर्षं लागतात. पण हे बघा, नुसत्या रेषेवरून मी काहीच म्हणणार नाही. रक्त तपासलं की एका दिवसात कळेल."

"आणि औषध?"

"झटके कमी करायला आहे. आजार थांबवायला अजून नाही. त्यांच्या आईवडिलांपैकी कुणाला असं काही होतं का, ते विचारा."

शनिवारी ऋजुता मिरजेला गेली. अस्लमच्या घरी खाली वाद्यांचं दुकान होतं, ते आता त्याचा चुलत भाऊ चालवत होता. ओसरीवर वाळलेले भोपळे रचून ठेवलेले. वर अस्लमची अम्मी फरीदाबी एकट्याच होत्या. अस्लम सरावाला बाहेर गेला होता आणि त्याची बायको नाझनीन सांगलीला शाळेत. ती भूगोल शिकवायची.

चहा झाला. इकडच्या तिकडच्या गप्पांतून ऋजुतानं विषय अस्लमच्या वडिलांवर आणला. ते गेले तेव्हा अस्लम तेरा वर्षांचा होता आणि वर्गातली मुलं त्याला दारुड्याचा पोरगा म्हणत, एवढंच तिला आठवत होतं.

"बेटा, एक थेंब कधी घेतला नाही त्यांनी," फरीदाबी म्हणाल्या. "सतारीचा आवाज खुलवायला, जवारी लावायला दूरदूरचे लोक यायचे त्यांच्याकडे. तारांखालच्या घोडीवर कानस फिरवायची, केसभर जास्त झाली तरी आवाज बिघडतो. त्यांचा हात देवाचा हात होता. मग एकाएकी हात उडायला लागला. कानस हातातून सुटायची. चालताना झोकांड्या जायच्या, म्हणून लोकांनी दारू ठरवली. शेवटी तर मला मारायलाही उठायचे. मारून झालं की रडायचे. डॉक्टर म्हणाले, नसा कमजोर आहेत."



तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि अस्लम वर आला. तिला पाहून त्याचा चेहरा फुलला. "अगं, फोन तरी करायचास! अम्मी, हिला जेवल्याशिवाय सोडू नकोस." मग बाजूला बसत तो म्हणाला, "आणि तू आत्ता जे सांगायला तोंड उघडलंयस ना, ते सांगू नकोस."

"काय?"

"तुझ्या होऱ्याचे टक्के. एक मार्चला जाहीर होतील तेव्हा सगळ्या जगाबरोबर बघेन. आधी कळलं तर माझ्या डोक्यात किडा वळवळत राहील. शप्पथ घे."

"अस्लम, टक्क्यांचं नाहीये, दुसरंच..."

"दुसरं काहीही असो, पणजीनंतर. आठ आठवडे मला काही सांगू नका, असं मी नाझनीनलासुद्धा बजावलंय. छत्तीस वर्षांचा झालोय ऋजू. पुढच्या खेपेला मी या आठांत असेनच असं नाही. ही एकदाच मिळालेली संधी आहे."

तिनं शप्पथ घेतली. पुढे पुष्कळदा तिनं स्वतःला बजावलं, की त्यानंच तोंड बंद केलं. पण त्या दुपारी जेवताना तिला जे वाटलं होतं ती सुटका होती, हे ती विसरू शकली नाही.

राहिले टक्के. तीन टक्के पाहिल्यावर अस्लम कारण विचारल्याशिवाय राहिला नसता. त्यानं नसतं विचारलं तर पत्रकारांनी विचारलं असतं. क्रमवारीतला तिसरा माणूस आठव्या जागी का? कंपनीचे प्रमुख विक्रांत तगारे यांना ती म्हणाली, "यंदा आपण अंदाज जाहीर करू नये. नोंदींमध्ये गडबड आहे."

"किती दिवसांत निस्तरशील?"

"सांगता येत नाही."

"ऋजुता, लोक आठ आठवडे आपल्या आकड्यावर बोलतात म्हणून ही कंपनी आहे. एक तारखेला आकडा पाहिजे."

एक तारखेला सकाळी तिनं अस्लमच्या बाबतीत नजरेच्या नोंदी गणितातून वगळल्या. उरलेल्या माहितीवर आकडा आला एकोणीस. आठ जणांत दुसरा. खोटा, पण कुणालाही पटेल असा. तिनं तो जाहीर होऊ दिला. तासाभरात अस्लमचा संदेश आला: "एकोणीस! तुझ्या यंत्राला माझी किंमत थोडी कमीच कळते. पण चालेल. आज फार हलकं वाटतंय."

पणजीत मांडवीच्या काठावर एका मोठ्या हॉटेलात खेळ मांडला होता. ऋजुता कंपनीतर्फे हजर होती. पहिल्या सात फेऱ्यांत अस्लम जो खेळला, तो खेळ पाहून जुनी मंडळी हात जोडत होती. तीन विजय, चार बरोबऱ्या. तो एकटा आघाडीवर होता. काचेच्या भिंतीआड बसून ती त्याच्याकडे पाहायची आणि मनात म्हणायची, चुकू दे. एकदाच चुकू दे या यंत्राला. रोज खेळ संपला की ती नव्या नोंदी उघडायची. रेषा उतरतच होती. तरीही आठव्या फेरीनंतर तिला पहिल्यांदाच वाटलं, की खाली रेषा कुठेही जावो, हा माणूस वर टिकेल.

नवव्या फेरीत समोर पोलंडचा झेलिन्स्की होता. अडतिसाव्या चालीला अस्लमचा डाव जिंकल्यात जमा होता. हत्ती सातव्या रांगेत नेऊन ठेवायचा, की पुढे काही उरत नव्हतं. सभागृहातल्या शाळकरी मुलांनाही ती चाल दिसत होती. अस्लमनं हत्ती उचलला. सहाव्या रांगेवरून हात पुढे जाताना त्याच्या मनगटाला एक हिसका बसला, बोटं उघडली आणि हत्ती सहाव्या रांगेतच एका घरात उभा राहिला.

मोहरं एकदा घरात सोडलं की चाल झाली. अस्लम त्या हत्तीकडे पाहत राहिला. झेलिन्स्कीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पंचांकडे. पंच काही बोलले नाहीत. मग झेलिन्स्कीनं खांदे पाडून उंटानं तो हत्ती उचलून घेतला.

दुसरा दिवस विश्रांतीचा होता. सकाळी नऊला अस्लमनं तिला नदीकाठच्या बाकावर बोलावलं. फेरीबोट पलीकडे निघाली होती. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"आमच्या अब्बांची कानस अशीच सुटायची," तो म्हणाला. "काल हत्ती खाली टेकला आणि मला दुकानात बसलेले अब्बा दिसले. तुझ्या होऱ्याला हे दिसलं होतं का?"

ती पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीकडे पाहू लागली.

"ऋजू, मी तुला विचारतोय."

"हो."

"केव्हा?"

"फेब्रुवारीत. तुझ्या घरी आले होते, त्याच्या आधी."

"खरे टक्के किती होते?"

"तीन."

तो हसला. खरंखुरं हसला, लहानपणी तिचा वजीर मारल्यावर हसायचा तसा. "म्हणजे तीन टक्क्यांचा माणूस सात फेऱ्या आघाडीवर होता. वाईट नाही." मग त्यानं आजाराचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. पुढे काय काय होतं तेही, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं सगळं. मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, हे सांगताच त्याचे हात मांड्यांखालून बाहेर आले.

"परत सांग."

"आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता पन्नास टक्के."

"नाझनीनला दिवस गेलेत," अस्लम म्हणाला. "परवा कळलं. तिनं काल सकाळी, डावाच्या आधी, फोन केला. मी सांगितलं होतं काही कळवू नकोस म्हणून, पण तिला राहवलं नाही."

फेरीबोट पलीकडे लागली. माणसं उतरली, स्कूटर उतरल्या.

"आम्ही चार वर्षं थांबलो होतो," तो म्हणाला. "खेळ, प्रवास, पुढच्या वर्षी बघू. तुझे एकोणीस टक्के आले त्या दिवशी मी तिला म्हटलं, सगळं नीट चाललंय, आता मूल होऊ दे. तुझा आकडा बघून म्हटलं, ऋजू."

"तूच मला शप्पथ घातलीस..."

"हो. मीच घातली." तो उठला. "आता जा. उद्या खेळायचंय मला."

तो खेळला. उरलेल्या पाच डावांपैकी चार हरला आणि एक बरोबरीत सोडवला. त्यात आजाराचा भाग किती आणि कळल्याचा भाग किती, हे कुठलंही यंत्र सांगू शकलं नसतं. होऱ्याच्या हिशेबात मात्र तो सातवा आला, एवढंच नोंदलं गेलं.

मे महिन्यात रक्ताचा अहवाल आला. निदान पक्कं झालं आणि बातमी सगळीकडे झाली. त्याच आठवड्यात तगाऱ्यांना ऋजुतानं वगळलेल्या नोंदींचा पत्ता लागला. ती शिव्या खाण्याच्या तयारीनं त्यांच्या खोलीत गेली, तर ते खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"तुला कळतंय का तू काय केलंयस? आपल्या यंत्रानं रक्ततपासणीच्या तीन महिने आधी आजार ओळखला! टेबलावर खेळत असताना! बुद्धिबळ विसर. फोनवर अक्षरं टाइप करताना नजर कशी फिरते, एवढ्यावरही हे जमेल. विमा कंपन्या, नोकरीच्या मुलाखती, लग्नं जुळवणारे. रांग लागेल."

"कुणाला विचारून करणार? त्या माणसाला कळायच्या आधी सगळ्यांना कळेल."

"तुझ्या मित्राच्या बाबतीत वेगळं काय झालं?" तगारे म्हणाले. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, ते खरंच विचारत होते.

तिनं राजीनामा दिला. त्यानं काही थांबलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीनं नव्या यंत्राची घोषणा केली. त्यातली सगळी समीकरणं तिची होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मिरजेला गेली. नाझनीनला तिसरा महिना सरत आला होता. पोटातल्या गर्भाची तपासणी करायची, तर डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तेवढेच काही दिवस हातात होते. अस्लमला तपासणी हवी होती आणि नाझनीनला नको होती, एवढं फरीदाबींकडून फोनवर कळलं होतं. त्यानंतर फरीदाबींनीही फोन उचलला नव्हता.

दार नाझनीननं उघडलं. नुकतीच बाहेरून आली असावी, खांद्यावर पिशवी तशीच होती. तिनं ऋजुताला आत घेतलं, पाणी दिलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत कुणीतरी चालत होतं, आणि ती चाल सरळ नव्हती.

"अस्लम घरात आहे?"

"आहेत. भेटणार नाहीत."

"नाझनीन, मी माफी मागायला आलेय."

"ताई, तुम्ही त्या शनिवारी आला होतात, तेव्हा मी संध्याकाळी पाचला घरी आले," नाझनीन म्हणाली. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "तुम्ही निघायच्या बेतात होतात. आपण जिन्यात भेटलो. तुम्ही माझ्या गालाला हात लावून म्हणालात, वाळलीस गं, जेवत जा. आठवतंय? त्यांनी तुम्हाला शप्पथ घातली होती. मी नव्हती घातली."

ऋजुताला आठवत होतं. जिन्यात आपण तिच्या डोळ्यांकडे पाहायचं टाळलं, हेही आठवत होतं.

"मला तरी सांगायचंत. मी त्यांना पणजीपर्यंत काही कळू दिलं नसतं. फक्त मूल थांबवलं असतं. दोघांनाही सांभाळता आलं असतं मला." तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला वाटलं, मला काय कळणार."

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

ऋजुतानं ग्लास टेबलावर ठेवला. मग तिनं विचारलं, "तपासणीचं काय ठरलं?"

"ठरलंय," नाझनीन म्हणाली. "काल सांगलीला जाऊन आलो आम्ही."

"म्हणजे केलीत? की..."

"ते तुम्हाला सांगणार नाही." नाझनीननं दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. "आम्ही काय केलं, काय कळलं, मूल ठेवलं की नाही, यातलं काहीही तुम्हाला कधी कळणार नाही. अम्मींनाही सांगून ठेवलंय. यानंतर येऊ नका, ताई."

ऋजुता जिना उतरली. खाली दुकानात चुलत भाऊ एका नव्या सतारीच्या तारा ओढत होता. त्यानं मान वर करून ओळखीचं हसू दिलं आणि पुन्हा खुंटी पिळायला लागला. ती स्टेशनकडे चालत निघाली. वाटेत तिनं नकळत महिने मोजले. जून, जुलै, ऑगस्ट. डिसेंबरात मूल होईल, झालं तर. मग तिच्या लक्षात आलं, की डिसेंबरातही तिला काही कळणार नाही, आणि ती मोजायची थांबली.